पिंक फ्लॉइडच्या अलीकडे आणि पलीकडे

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्थानकावर उतरून कचारगडच्या डोंगराकडे जाणाऱ्याला जी कथा ऐकायला मिळते, तिच्यात सर्वांत मोठे काम एका वादकाचे आहे. कली कंकालीची मुले गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर शिळा लावली गेली. गोंडी धर्माचे प्रवर्तक मानले जाणारे पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. शिळा मात्र हलली ती हिरासुका पाटालीरमुळे. त्याच्या किंगरी या तंतुवाद्याच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारले, त्यांनी मिळून शिळा लोटली आणि तिच्याखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला, असे गोंडी परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या कचारगडच्या यात्रेला महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज मोठ्या संख्येने येतो. लिंगोचे नाव आता त्या समाजाबाहेरही बऱ्यापैकी पोहोचले आहे. हिरासुकाचे तितके नाही.

दरेकशाच्या संदर्भात परदेशी रॉक संगीतावर लिहिण्याचे प्रयोजन याच फरकात आहे. सालेकसा-आमगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर आज पिंक फ्लॉइड तितक्याच सहजतेने वाजू शकते, जितक्या लंडनमधल्या मुलाच्या. पूर्वी त्यासाठी मुंबई-पुण्यातला एखादा कॅसेटवेडा मित्र लागत असे. आता लागत नाही. पण मोठे नाव सापडल्यावर पुढे काय ऐकायचे, हा प्रश्न तिथेच राहिला आहे. संगीताची ॲप ज्याला आधीच भरपूर श्रोते आहेत तेच पुन्हापुन्हा पुढे करतात. त्यामुळे ऐकणारे वाढले, तरी ऐकण्याचा परीघ त्या प्रमाणात वाढलेला नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार तर असा आहे की त्याची खरी श्रीमंती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या, आपल्याकडे नावही न ऐकलेल्या बँडांमध्ये पसरलेली आहे. तिथवर जायची वाट कशी शोधावी, हा या लेखाचा विषय.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. एलपी तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा होती. ती सगळी एकाच रचनेला द्यावी, असे त्यांना वाटले. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत आणि नव्याने हाती आलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांतून त्यांनी रॉकचा विस्तार केला. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम १९६९ सालचा. १९७२ मध्ये येसने ‘क्लोज टू द एज’ हे अठरा मिनिटांहून मोठे शीर्षकगीत दिले, त्याच वर्षी जेनेसिसने ‘सपर्स रेडी’ ही तेवीस मिनिटांची रचना दिली. पिंक फ्लॉइडने त्याआधीच, १९७१ मध्ये, ‘एकोज’ला ‘मेडल’ या अल्बमची एक संपूर्ण बाजू दिली होती. १९७३च्या मार्चमधला ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा या साऱ्या प्रवाहातला सर्वाधिक लोकप्रिय अल्बम ठरला. १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होता.

मराठी कानाला हे संगीत अवघड जाईल, असा एक समज आहे. तो खरा नाही. ‘मनी’ या पिंक फ्लॉइडच्या गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे; रूपक ऐकलेल्या माणसाला त्यात दचकण्यासारखे काही नाही. उलट, गिटारचा एकल भाग सुरू होताच तेच गाणे चार मात्रांवर येते, आणि हा बदल आपल्याकडचा जाणता श्रोता इंग्रज श्रोत्याच्या आधी टिपेल. लांबीचेही तसेच. विलंबित ख्याल तासभर ऐकणाऱ्या समाजाला तेवीस मिनिटे कशी जड होतील? पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तर दंडार हे लोकनाट्य आणि नाटक रात्र-रात्र चालते. आणि लिंगोची गाथा? नागपुरात काम केलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधान समाजातल्या गायकाकडून टिपून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये ती छापली. सृष्टीच्या आरंभापासून गोंडांची सुटका आणि त्यांच्या कुळांची मांडणी इथपर्यंत जाणारे ते दीर्घ कथागीत आहे. एका कल्पनेभोवती गुंफलेला अखंड अल्बम ही गोष्ट लंडनच्या समीक्षकांना नवी वाटली असेल. गोंडवनाला ती नवी नाही. कानाची तयारी आपल्याकडे आधीपासून आहे. कमी आहे ती नावांची ओळख.

ही ओळख करून घेताना बहुतेक जण एकाच दिशेने जातात. ‘पिंक फ्लॉइडसारखे आणखी कोण?’ असे विचारतात. त्याआधी विचारावा असा दुसरा प्रश्न आहे: पिंक फ्लॉइड कोणामुळे? तो प्रश्न त्या बँडच्या नावापासूनच सुरू होतो. सिड बॅरेट या पहिल्या गायक-गिटारवादकाने हे नाव दोन अमेरिकी कृष्णवर्णीय ब्लूज वादकांच्या नावांतून जुळवले: दक्षिण कॅरोलायनाचे पिंक अँडरसन आणि उत्तर कॅरोलायनाचे फ्लॉइड कौन्सिल. दोघांची नावे त्याने एका ब्लूज तबकडीच्या वेष्टनावरच्या मजकुरात वाचली होती. जगातल्या सर्वांत खपाच्या बँडांपैकी एकाच्या नावात दोन अल्पज्ञात माणसे बसलेली आहेत. अँडरसन १९७४ मध्ये गेले, कौन्सिल १९७६ मध्ये. म्हणजे ‘डार्क साइड’ जगभर गाजत असताना दोघेही हयात होते. अँडरसन यांची उतारवयातली ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. पिंक फ्लॉइडच्या प्रत्येक चाहत्याने ती एकदा तरी ऐकावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

वेष्टनावरची छोटी अक्षरे वाचणे ही शोधाची पहिली आणि आजही सर्वांत भरवशाची रीत आहे. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या अल्बममधले ‘हॅव अ सिगार’ पिंक फ्लॉइडपैकी कोणी गायलेलेच नाही. ते रॉय हार्पर यांनी गायले आहे. हार्पर हे इंग्लंडचे लोकगायकीच्या अंगाने जाणारे गायक-गीतकार. त्यांच्या ‘स्टॉर्मकॉक’ (१९७१) अल्बममध्ये चारच गाणी आहेत, सगळी लांब. एक माणूस, प्रामुख्याने एक साधी गिटार आणि एवढा विस्तार. प्रोग्रेसिव्ह म्हणजे यंत्रांचा ढीग, ही समजूत या एका अल्बमने मोडते. रॉबर्ट वायट यांचे नाव पिंक फ्लॉइडच्या निक मेसनमुळे सापडते. वायट सॉफ्ट मशीनचे ड्रमर. सॉफ्ट मशीन आणि पिंक फ्लॉइड लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये एकाच काळात उदयाला आले. जून १९७३ मध्ये वायट खिडकीतून पडले आणि कमरेखाली अधू झाले. त्यांच्या मदतीसाठी पिंक फ्लॉइडने त्याच नोव्हेंबरात कार्यक्रम केला, आणि १९७४ मध्ये वायट यांचा ‘रॉक बॉटम’ निघाला तेव्हा त्याची निर्मिती पिंक फ्लॉइडच्या ड्रमरने, म्हणजे मेसननेच केली. ज्याला पुन्हा पायाने ड्रम वाजवता येणार नव्हते, त्या माणसाने कीबोर्ड आणि आवाज यांवर उभा केलेला हा अल्बम या लेखातल्या सगळ्या नावांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो प्रसिद्ध बँडच्या सावलीत राहिला, ही श्रोत्यांची हानी.

वेष्टनावर नाव असणे ही साधी गोष्ट नाही, हे क्लेअर टॉरी यांच्या उदाहरणावरून कळते. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या रचनेत गायलेले शब्द नाहीत. टॉरी यांचा आवाज आहे, तोही त्यांनी जागच्या जागी सुचेल तसा लावलेला. जानेवारी १९७३ मधल्या त्या रविवारच्या ध्वनिमुद्रणाचे त्यांना तीस पौंड मिळाले. अल्बमवर गायिका म्हणून नाव आले, रचनाकार म्हणून नाही. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांनी दावा लावला; २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर पिंक फ्लॉइडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या जोडीने त्यांचे नाव रचनाकार म्हणून येऊ लागले. कोट्यवधी लोकांनी ज्या आवाजासाठी ते गाणे पुन्हापुन्हा ऐकले, त्या आवाजाचा हक्क मान्य व्हायला इतका काळ लागला. हा मुद्दा कचारगडच्या परिसरात पुन्हा येणार आहे.

आता पलीकडची दिशा, म्हणजे वारसांची. पिंक फ्लॉइडचा प्रभाव घेतलेल्या बँडांची संख्या मोठी आहे आणि त्यांत कसाचे-बिनकसाचे सगळेच आहे. जर्मनीच्या हॅनोव्हरमधला एलॉय हा त्यांतला जुना. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतल्या भविष्यकालीन मानवांवरून नाव घेतलेल्या या बँडचा, फ्रँक बोर्नेमान यांच्या नेतृत्वाखालचा ‘ओशन’ (१९७७) हा अल्बम अटलांटिसच्या कथेवर आहे. बोर्नेमान यांचे इंग्रजी उच्चार काहींना खटकतात. पण कीबोर्ड आणि बास यांची त्यांची वीण इतकी घट्ट आहे की पहिल्या काही मिनिटांनंतर उच्चारांकडे लक्ष जात नाही. फ्रान्समधल्या लियाँचा पल्सार त्याहून अपरिचित. त्यांचा ‘हॅलोवीन’ (१९७७) ही दोन भागांतली एकच रचना आहे, आणि तिच्यातली हळुवार भीती पिंक फ्लॉइडमध्येही सापडणार नाही. बव्हेरियातला आरपीडब्ल्यूएल तर १९९७ मध्ये पिंक फ्लॉइडचीच गाणी वाजवणारा बँड म्हणून सुरू झाला आणि तीन वर्षांनी स्वतःच्या रचनांचा अल्बम घेऊन आला. नॉर्वेच्या एअरबॅगमध्ये पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूरच्या गिटारची छाया स्पष्ट ऐकू येते. तो सुरेल आहे, पण नवीन कमी आहे, हे आमचे मत.

छाया आणि वारसा यांतला फरक पॉर्क्युपाइन ट्रीच्या वाटचालीत सर्वांत नीट दिसतो. स्टीव्हन विल्सन या तरुणाने १९८७ मध्ये एका मित्रासोबत गंमत म्हणून एका काल्पनिक बँडचा खोटा इतिहास रचला आणि त्याच्यासाठी घरीच संगीत ध्वनिमुद्रित केले. त्यातून खरा बँड झाला. १९९५चा ‘द स्काय मूव्ह्ज साइडवेज’ ऐकताना ‘विश यू वेअर हिअर’ आठवल्याशिवाय राहत नाही; दोन टोकांना एकाच दीर्घ रचनेचे दोन भाग, ही मांडणीसुद्धा तीच. विल्सन तिथेच थांबले असते तर ते एक चांगले अनुकरण ठरले असते. पण २००२च्या ‘इन ॲब्सेंशिया’पासून मेटलचा जाडपणा, गेव्हिन हॅरिसन यांचे तालाशी खेळणारे ड्रमवादन आणि शहरी एकाकीपणाचा विषय आला. २००७च्या ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’मधली सतरा मिनिटांची ‘अनिस्थेटाइझ’ ऐकताना पिंक फ्लॉइडची आठवण येत नाही. पुढे विल्सन यांनी किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, जेंटल जायंट, कॅरव्हॅन अशांचे जुने अल्बम नव्याने मिश्रित करून स्वच्छ ऐकू येतील असे केले. वारसाने पूर्वजांची कामे पुसून-पासून पुढच्या पिढीच्या हाती द्यावीत, याचे इतके चांगले उदाहरण रॉकमध्ये दुसरे नाही. पोलंडचा रिव्हरसाइड (पहिला अल्बम ‘आउट ऑफ मायसेल्फ’, २००३) पॉर्क्युपाइन ट्रीकडून शिकला, आणि अशी ही साखळी पुढे सरकते.

तरीही आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वारस हे नव्हेत. ज्यांनी इंग्लंडकडून धाडस घेतले आणि सूर स्वतःच्या मातीतून घेतला, ते मोलाचे. इटलीचे उदाहरण पाहावे. तिथे व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडचा ‘पॉन हार्ट्स’ हा अल्बम १९७२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मायदेशी त्याला तसे यश मिळाले नव्हते. या प्रेमातून इटलीत डझनावारी बँड उभे राहिले. मिलानच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीने १९७३ मध्ये किंग क्रिम्सनचे गीतकार पीट सिनफिल्ड यांच्या इंग्रजी शब्दांसह ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ काढला. पण मूळ इटालियन शब्दांतला त्यांचा पहिला अल्बम आधी ऐकावा. त्यात ऑपेराच्या देशाचा गळा आहे. तुर्कस्तानात मोओल्लार हा १९६७ मध्ये स्थापन झालेला बँड अनातोलियाच्या ग्रामीण चाली आणि सायकेडेलिक रॉक यांना एकत्र आणत होता. १९७१ मध्ये त्यांच्या अल्बमला फ्रान्समधल्या शार्ल क्रो अकादमीचा मोठा पुरस्कार मिळाला.

आणि चिलीचा लोस हाइवास. १९६३ मध्ये विन्या देल मार या समुद्रकाठच्या शहरात तीन पारा बंधू आणि मित्रांनी सुरू केलेला हा बँड आधी नाचाच्या कार्यक्रमांत लोकप्रिय गाणी वाजवत असे. पुढे तो अँडीज पर्वतराजीच्या वाद्यांकडे वळला. १९७३च्या लष्करी उठावानंतर त्यांनी देश सोडला. आधी अर्जेंटिना, मग फ्रान्स. पॅरिसजवळ राहून त्यांनी पाब्लो नेरुदा यांच्या माचू पिक्चूवरच्या दीर्घकाव्याला संगीत दिले, आणि १९८१ मध्ये तो अल्बम निघाला. त्यात मूग सिंथेसायझर आहे, पियानो आहे, गाब्रिएल पारा यांचे रॉकचे ड्रम आहेत. त्यांच्याच शेजारी केना बासरी, चारांगो आणि मापुचे आदिवासींचे त्रुत्रुका हे लांब रणशिंगासारखे वाद्य आहे. माचू पिक्चूच्या भग्न दगडी पायऱ्यांवर हे सगळे वाजवताना त्यांचे चित्रीकरणही झाले. प्रोग्रेसिव्ह रॉकची इंग्लिश रीत त्यांना ठाऊक होती हे प्रत्येक मिनिटाला कळते. पण त्या रीतीत त्यांनी जे भरले ते इंग्लंडकडे नव्हतेच. आदिवासी पूर्वजांच्या दगडांशी बोलणारे काव्य, आदिवासी वाद्य आणि विजेची गिटार एका रचनेत येऊ शकतात आणि त्यांतले कोणीही दुसऱ्याचे शोभेचे सामान होत नाही, हे या अल्बमने दाखवले. कचारगडच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणाही तरुण वादकाने या लेखातले एकच नाव लक्षात ठेवायचे ठरवले, तर ते हे असावे.

महाराष्ट्रात या प्रवाहाचे काय झाले? मुंबईत १९७०च्या दशकात अटॉमिक फॉरेस्टसारखे बँड होते. त्यांचा ‘ऑब्सेशन ७७’ विस्मृतीत गेला आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाउ-अगेन या संस्थेने तो पुन्हा प्रकाशात आणला. आपला ठेवा बाहेरच्यांनी शोधून द्यावा, ही खंत इथे नोंदवलीच पाहिजे. पुढे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ने रंगभवनच्या उघड्या मंचावर महाविद्यालयीन बँडांना जागा दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडचे माजी सदस्य रॉजर वॉटर्स यांनी मुंबईत ‘डार्क साइड’ सादर केला; डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री वाजले. त्या पिढीतून मुंबईचा ‘कोशिश’ हा बँड आला. त्यांचा ‘फिरदौस’ (२०१३) हा हिंदी गाण्यांचा अखंड संकल्पनेवरचा अल्बम आहे. त्यातल्या गाण्यांचा योग्य क्रम त्यांनी सांगितला नाही. सोबतच्या खुणांवरून तो श्रोत्यानेच शोधायचा होता. अल्बम अखंड ऐकायची सवय मोडत चाललेल्या काळात ऐकणाऱ्याला असे कामाला लावणे आम्हाला फार आवडले. पॅरडाइम शिफ्ट या मुंबईच्याच बँडने हिंदुस्थानी गायकी आणि व्हायोलिन यांना विषम मात्रांच्या रॉकमध्ये बसवले. ‘अभंग रीपोस्ट’ने वारकरी संतांच्या अभंगांना रॉकची साथ दिली, आणि त्यातले गाणे शब्दांचा मान ठेवून होते.

ही सगळी कामे चांगली आहेत. पण ती मुंबईत झाली, मुंबईसारख्या शहरांतल्या मंचांवर झाली. मराठीत प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणता येईल असे सलग, मोठ्या आवाक्याचे काम अजून तुरळक आहे, आणि विदर्भाच्या पूर्व टोकाकडून ते यावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. याला आमचा आक्षेप आहे.

दरेकशाचे स्थान पाहावे. मुंबई-हावडा हा देशातला अत्यंत वर्दळीचा लोहमार्ग इथून जातो. पुढे बोरतलाव आणि पानियाजोब ओलांडले की छत्तीसगडचे डोंगरगड येते, आणि तिथून रस्त्याने गेले की खैरागड. खैरागडला राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपला राजवाडा देऊन, दिवंगत कन्या इंदिरा हिच्या नावाने १९५६ मध्ये उभे राहिलेले इंदिरा कला संगीत विद्यापीठ आहे. संपूर्णपणे संगीत आणि ललितकलांना वाहिलेले विद्यापीठ दरेकशाला मुंबईपेक्षा किती तरी जवळ आहे. दुसऱ्या बाजूला झाडीपट्टीची रंगभूमी: वडसा देसाईगंजच्या मंडळ्या सुगीनंतर गावोगाव रात्रभर नाटके करतात, आणि त्यांच्यासोबत हार्मोनियम, तबला, ऑर्गन, ऑक्टोपॅड वाजवणारे तयार वादक फिरतात. प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर रात्रभर वाजवण्याचा असा सराव शहरी बँडांपैकी फारच थोड्यांना मिळतो. आणि तिसरे, या साऱ्याच्या मुळाशी परधानांची परंपरा. किंगरी, किकरी, बाना अशा नावांनी प्रदेशागणिक ओळखली जाणारी, गजाने वाजवायची वाद्ये. त्यांवर यजमान कुळांच्या वंशकथा आणि लिंगोची गाथा गाणारे परधान. गोंड यजमान त्यांना धान्य, कपडे, जनावरे देत. मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये ही परंपरा १९४०च्या दशकात नोंदवली. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पहिले मोठे पुस्तक लिहिले ते शामराव हिवाळे या मराठी माणसाने, १९४६ मध्ये. मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा त्याआधीचा, १९४४चा संग्रह हिवाळे आणि मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन या दोघांच्या नावावर आहे. एल्विन जगाला ठाऊक आहेत. हिवाळे महाराष्ट्रालाही पुरेसे ठाऊक नाहीत.

म्हणून वाट शोधायची ती दोन्ही टोकांनी. पिंक फ्लॉइडपासून निघालेल्या मुलाने हार्पर, वायट, एलॉय, लोस हाइवासपर्यंत जावे. एक अल्बम निवडावा, मधली गाणी न वगळता अखंड ऐकावा, लगेच मत बनवू नये, काही दिवसांनी पुन्हा ऐकावा. परदेशातले छोटे बँड बँडकॅम्पसारख्या ठिकाणी आपले संगीत थेट विकतात. एका अल्बमला मोजलेल्या किमतीतला मोठा भाग त्या वादकांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचतो, ॲपवर हजार वेळा ऐकूनही तो तसा पोहोचत नाही. आणि त्याच मुलाने माघातल्या यात्रेत किंगरी वाजवणाऱ्या वृद्धाजवळ बसावे. त्याला वाजवायला सांगण्याआधी त्याने कोणाकडून शिकले ते विचारावे.

गोंदिया-भंडाऱ्याच्या महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांच्या स्पर्धेसोबत स्वतंत्र रचनेची एक स्पर्धा ठेवावी. वेळमर्यादा पंधरा मिनिटांची असावी, तीन मिनिटांची नको. खैरागडच्या विद्यापीठाने आणि नागपूरच्या संस्थांनी कचारगड यात्रेत येणाऱ्या परधान वादकांचे नीट ध्वनिमुद्रण करण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा, अर्थात गोंडी समाजाच्या संमतीने आणि त्यांच्या पुढाकाराखाली. नागपूरचे भाषाभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली यांनी कचारगड आणि कोया पुनेम हा गोंडी धर्म यांवर आयुष्यभर काम केले आणि या यात्रेचे आजचे रूप घडवण्यात त्यांचा वाटा होता. ते २०१५ मध्ये गेले. त्यांनी शब्दांचे केलेले काम आता सुरांच्या बाबतीत व्हायला हवे, आणि ते वृद्ध वादक हयात असतानाच व्हायला हवे.

या ध्वनिमुद्रणांतून एखादा बँड चाल घेईल, घ्यावीच. मग अल्बमवर ‘पारंपरिक’ एवढेच लिहून भागणार नाही. ज्याच्याकडून चाल घेतली त्याचे नाव, त्याचे गाव, वाद्य, त्याला ती कोणी शिकवली त्याचे नाव, आणि उत्पन्नातला त्याचा हिस्सा, हे सगळे पहिल्याच आवृत्तीवर लेखी असावे.